दमलेला बैल

(गच्ची. उतरतं ऊन. दोघांच्या हातात लांब लाकडी तलवारी, एकीवर एक टेकवलेल्या. कठड्यावर उघडं पुस्तक. पान उडू नये म्हणून त्यावर चप्पल ठेवलेली.)

सासरे: …आणि मग?

सून: मग काही नाही. तुम्ही थांबायचं. त्याची तलवार तुमच्या तलवारीवर टेकलीय, तिचा भार किती ते हातानं ओळखायचं. घट्ट आहे की सैल.

सासरे: ते कळलं गं. ते पहिल्याच महिन्यात कळलं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, लाकडाला विचार. पाठ आहे मला. मी विचारतोय, मग तो काय करतो?

सून: वाचते. हात तसेच ठेवा. ऊन डोळ्यांवर येतंय माझ्या.

सासरे: टोपी घालून ये म्हटलं होतं.

सून: टोपी खोक्यात गेली. सगळी खोकी बांधून दारापाशी लावलीत.

सासरे: टेंपो पाचला ना?

सून: पाच म्हणालाय. म्हणजे साडेपाच.

सासरे: मग वेळ आहे. वाच.

सून: "शेवटचा डाव. समोरचा छपरावरून उतरला, की तुम्ही…"

सासरे: छप्पर म्हणजे तलवार डोक्यावर.

सून: वर्ष झालं, बाबा. मला माहीत आहे छप्पर म्हणजे काय.

सासरे: तुला कुठं सांगतोय, स्वतःला सांगतोय. छप्पर डोक्यावर. बैल म्हणजे कानापाशी, टोक पुढं, शिंगासारखं. नांगर कमरेशी. आणि वेडा म्हणजे टोक जमिनीकडं. मला आपला वेडा आवडतो. सगळं अंग उघडं टाकून उभा राहतो आणि म्हणतो, ये, मार.

सून: आणि जो मारायला येतो तो मरतो.

सासरे: मरतोच. त्या गुरूच्या पुस्तकात दयामाया नाही. चित्रात बघ ना, डोक्यात अर्धी तलवार रुतलीय आणि गडी असा निवांत उभा, जसा काही न्हाव्याकडं आलाय.

सून: तुमच्या मुलानं ते चित्र बघूनच तर पुस्तक आणलं होतं. सहाशे वर्षांपूर्वीची जर्मन तलवारबाजी, घरबसल्या शिका.

सासरे: पुस्तक आणलं, दोन तलवारी आणल्या, आठवडाभर इथं उड्या मारल्या. मग माळ्यावर टाकलं सगळं. जर्मन कुणाला येत होतं? तुला. आरंभशूर आहे तो पहिल्यापासून. लग्नाचंही त्यानं तेच केलं.

सून: आज त्याचं नको ना, बाबा. परवा घटस्फोटाच्या सह्या झाल्या, आज मी माझ्या नव्या घरी चाललेय. आता त्याच्याविषयी वाईट बोलून कुणाचं काय भलं होणार आहे?

सासरे: बरं, नाही बोलत. अजून हळू फिरव. अजून. हं.

सून: समोरच्या बाई विचारत होत्या, तुम्ही दोघं रोज गच्चीत एवढा वेळ काय वाळत घालता म्हणून.

सासरे: मग काय सांगितलंस?

सून: लढतो म्हटलं. त्या म्हणाल्या, लढताना तर कुणी हललेलं दिसत नाही.

सासरे: बरोबर आहे त्यांचं. कबुतरंसुद्धा उडत नाहीत आपल्याला बघून. पण मला हेच आवडतं. या वेळेला ऊन असं पिवळं होतं, खालचे आवाज लांब जातात, आणि तुझी तलवार इतकी सावकाश येते की मधल्या वेळात मी कुठं कुठं जाऊन येतो. काल तर ते दोघं आले होते.

सून: कोण दोघं?

सासरे: पुस्तकातले. घट्ट विजारीवाले. जेवून पडलो होतो खाली. बघतो तर मी इथं वर, आणि ते कठड्यापाशी. ऊन त्यांच्या आरपार येत होतं. इतके अदबीनं उभे, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. बसा म्हटलं. तर म्हणाले, बसायचं आम्हाला कुणी शिकवलं नाही.

सून: डोक्यात तलवार होती का?

सासरे: एकाच्या होती. काही त्रास होत नव्हता त्याला. मग मी त्यांना दमलेला बैल करून दाखवला.

सून: तो कशाला?

सासरे: का? तू शिकवलेलाच तर पवित्रा. खुर्चीत बसायचं, तलवार कानाशी, कोपर गुडघ्यावर टेकवायचं आणि मान खाली. मला फार छान जमतो तो. तर दोघं एकमेकांकडं बघायला लागले. धाकटा म्हणाला, आजोबा, सुंदर आहे हो, पण हा आमच्याकडचा नाही.

सून: स्वप्नातली माणसं काहीही बोलतात.

सासरे: बोलतात खरी. भार कमी झाला तुझा.

सून: काय?

सासरे: तलवारीवरचा. आत्ता. सैल पडलीस.

सून: हात दुखतोय.

सासरे: हात दुखला की तू डावीकडं ढळतेस. आत्ता जागच्या जागी सैल पडलीस. असं माणूस भ्यायल्यावर होतं.

सून: टेंपो येईल, बाबा. तेवढं वाचून टाकते. "दोघांनी तलवारी टेकवून उभं राहावं. कुणीही घाई करू नये. उजवा खांदा दुखत असल्यास…"

सासरे: थांब. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला माझ्या खांद्याचं काय पडलंय गं?

सून: तेव्हाही खांदे दुखतच असतील की लोकांचे.

सासरे: असतील. आणि "वापरानंतर कोरड्या फडक्यानं पुसावे" असंही लिहीत असतील.

सून: ते लाकडाला लागतंच.

सासरे: आणि "लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये"? थंडीत वाचलं होतंस ते. मी आपला गप्प बसलो.

सून: दिवसभर वॉशिंग मशिनच्या माहितीपुस्तिका जर्मनमधून मराठीत आणत असते मी. जिभेवर तेच बसलंय. चुकून आलं असेल.

सासरे: पोरी, मी आयुष्य कुठं काढलं?

सून: नाटक कंपनीत. प्रॉम्प्टर होतात.

सासरे: विंगेत, स्टुलावर. मांडीवर संहिता, नट अडला की शब्द द्यायचा. एवढीच माझी कला. पण त्यानं कान असा तयार होतो, की कुणी पदरचं घालायला लागला की पहिल्या शब्दाला कळतं. वाक्य वाईट असतं असं नाही. कधीकधी लेखकापेक्षा बरं असतं. पण श्वास भलत्याच जागी घेतलेला असतो.

सून: कधीपासून माहीत आहे तुम्हाला?

सासरे: दमलेला बैल आला त्या दिवसापासून. तोवर प्रत्येक डावात एकजण मरायचा. मग अचानक कुणी मरेचना. तू वाचायचीस, "नंतर दोघंही मागं सरतात आणि श्वास घेतात." मी मनात म्हटलं, या गुरूला झालं काय? लग्नबिग्न ठरलं की काय याचं?

सून: मग बोलला का नाहीत?

सासरे: रंगलेलं नाटक प्रॉम्प्टरनं थांबवायचं नसतं.

सून: पुस्तक संपलं होतं. म्हणजे पानं आहेत अजून, पण पुढं सगळं घोड्यावरचं. घोडा, भाला, चिलखत.

सासरे: घोडा काही जिन्यानं वर आला नसता.

सून: तुम्हाला हसू येतंय. मला त्या दिवशी येत नव्हतं. सकाळी तुमच्या मुलाचा नोकरीच्या गावाहून फोन आला होता, तिकडं दुसरी कुणी आहे म्हणून. दिवसभर मी खोलीत पडून रडले. चार वाजले तशी तोंड धुऊन वर आले, तर तुम्ही दोन्ही तलवारी पुसून माझी वाट बघत बसलेले. पान उलटलं आणि घोडा. संपलं म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, वा, छान झालं, आणि खाली गेला असतात. आणि दुसऱ्या दिवशी चारला मी कुठं गेले असते? त्या खोलीतच ना? म्हणून वाचायला लागले. जे तिथं नव्हतं ते.

सासरे: आणि पहिलाच आला दमलेला बैल. मला वाटलं, माझ्या खांद्यासाठी.

सून: खांदा नंतर आला. तो बैल मी होते, बाबा.

सासरे: हं.

सून: रागावलात?

सासरे: नाही. आठवतोय मी. "खिडकीतला वार" तुझाच?

सून: माझाच.

सासरे: "उशिरा परतणारा"?

सून: तोही.

सासरे: "दोघांचं छप्पर"? तलवारी डोक्यावर एकमेकींना टेकवून खालून चालायचं?

सून: तेव्हा ऊन फार होतं.

सासरे: चांगला आहे तो. विजारीवाल्यांनाही आवडला असता.

सून: फसवलं मी तुम्हाला. वर्षातला निम्मा वेळ.

सासरे: तू फसवलंस, मी समजून उमजून फसलो. फिट्टंफाट. पण मग एक सांग. पुस्तक तुझं, डाव तुझे, तूच लिहिणारी. आज "शेवटचा डाव" म्हणून कशाला वाचायला घेतलंस? संपवायची घाई कुणाला होती?

सून: पुढच्या महिन्यात तुमचा मुलगा आणि ती इथं राहायला येतायत.

सासरे: येऊ देत. खोली त्यांची. गच्ची माझी आहे.

सून: असं नसतं ना ते. मी जिना चढून वर येणार, ती स्वयंपाकघरातून बघणार. तुम्हाला विचारलं तिनं, ह्या कोण, तर काय सांगाल?

सासरे: सांगेन काहीतरी.

सून: काय? सून मी आता नाही. लेक कधी नव्हतेच. पाहुणी म्हणावं, तर या घरातला साखरेचा डबा मला डोळे मिटून सापडतो. तुम्हीच सांगा, कोण म्हणून येऊ?

सासरे: नाही गं येत मला. शोधतोय, पण सापडत नाही शब्द.

सून: बघा. म्हणून संपवत होते. नीट संपलं तर आठवण तरी चांगली राहील.

सासरे: भार दे.

सून: बाबा…

सासरे: बोलू नकोस, भार दे. हं. आता घट्ट आहेस. जायचं नाही असं म्हणतेय ही.

सून: नाहीच जायचं. पण जायला हवं.

सासरे: तेही म्हणतेय. दोन्ही एकदमच येतंय हाताला. एवढं मात्र त्या गुरूचं खरं आहे. माझी काय म्हणतेय?

सून: थरथरतेय.

सासरे: वय झालं तिचं.

सून: तुम्ही घाबरलाय.

सासरे: घाबरलोय. तुझी सासू गेली तेव्हापासून मला ठाऊक आहे, चारनंतरचा दिवस संपता संपत नाही. सकाळ कशीही जाते. दूध, पेपर, आंघोळ. चारला मात्र घर अंगावर येतं. वर्षभर आलं नाही.

टेंपोवाला: ओ ताई, खाली या. गाडी मध्येच लावलीय, मागचे बोंबलतायत.

सून: आले, दादा. बाबा, काढून घेऊ तलवार?

सासरे: आधी जो काढून घेतो त्याचं काय करायचं असतं पुस्तकात?

सून: त्याच्यामागं जायचं आणि तो सरतो आहे तोवरच वार करायचा. हे खरं आहे, माझं नाही.

सासरे: माहीत आहे. काढ तू. मी मारत नाही.

सून: काढली.

सासरे: हं. हात रिकामा वाटतो एकदम.

सून: पुस्तक त्याचं आहे. तुमच्या टेबलावर ठेवून जाते.

सासरे: घेऊन जा. घोडे व्हायचेत अजून.

सून: मी विचारलेलं तसंच राहिलं, बाबा.

सासरे: राहू दे. गुरुवारी चारला ये. चार म्हणजे चार. वाट बघून माझं डोकं फिरतं हे तुला ठाऊक आहे. उशीर केलास तर बोलणी खाशील, ती दोघं घरात आहेत की नाहीत ते मी बघणार नाही.

सून: म्हणजे तिच्यासमोर ओरडणार माझ्यावर?

सासरे: ओरडणार. आणि तिला ऐकू गेलं तर बरंच. परक्या माणसाला मी जन्मात कधी लागेल असा शब्द बोललो नाही. तेवढ्यावरून तिचं तिला कळेल.

टेंपोवाला: ताई, येताय ना?

सून: सव्वाचार होतील हो, बाबा. तिकडून मध्ये बस बदलावी लागते.