शेवटच्या खोलीतल्या बाई

तुम्ही आमदारांचा विषय काढलात म्हणून सांगतो. ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. घाटकोपरला डोंगराकडची भिंत आमच्या चाळीवर कलली होती. पडली असती तर आम्ही सगळे खाली. आमदार दारोदार विचारत फिरले आणि विधानसभेत कडाडले, "भिंत करकरते! शेवटच्या खोलीतल्या पार्वतीबाईंनी मला स्वतः सांगितलं!"

चौकशी करून मंत्री म्हणाले, "त्या बाई मागच्याच वर्षी वारल्या. आता मयतांची गाऱ्हाणी आणता काय?" सभागृह हसलं. भिंत तशीच राहिली.

आमदार तडक चाळीत आले. "काका, त्या बाई कुठायत?"

मी म्हटलं, "साहेब, त्या गेल्यापासून ती खोली बंदच आहे. तुम्ही कुलपासमोर मान डोलवत उभे होतात ना, तेव्हा आम्हाला वाटलं, भाषणाची तयारी चाललीय."