नाव घेईल त्याला पुडिंग नाही

...आणि आता म्हणे मी धैर्याचा पुतळा! मी! सकाळचं अंडं कच्चं राहिलं तर स्वयंपाकिणीला सांगायची ज्याची छाती होत नाही, तो मी, लायोनेल ट्रेंटम! तुम्हाला सांगतो, मार्शबरीच्या चौकात त्या दिवशी खरं काय झालं ते मला एकट्याला ठाऊक आहे, आज तुम्हाला सांगतोय, पण आमच्या घरापर्यंत जाऊ देऊ नका, एवढी मेहेरबानी करा.

पार्लमेंटच्या जागेला निळ्या पक्षाकडून उभा कोण? माझा सख्खा मोठा भाऊ, मॉर्टिमर. आणि पिवळ्यांकडून? माझ्या बायकोचा सख्खा भाऊ, हॉरेस पेंडल! अख्ख्या इंग्लंडात दुसरा माणूस मिळाला नाही हो यांना? आणि मधे मी! राहतो आईसाहेबांच्या घरात, संसार करतो पेंडलांच्या मुलीशी. तीन पिढ्या आमची मतं निळी. पिवळ्याला दिलं तर आईसाहेब घराबाहेर काढणार, निळ्याला दिलं तर सेलिना... सेलिना काही बोलणार नाही. तेच तर!

आणि आईसाहेब! काय सांगू तुम्हाला! वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या कोपरापर्यंत, आणि सकाळी नऊला गाडी जोडून, मतदारांची यादी घेऊन बाहेर! खाटकाचं शेंबडं पोर मांडीवर घेतलं. पाववाल्याच्या बायकोच्या गुडघ्यांची कहाणी पाऊण तास ऐकली, वर मधेच विचारतायत, 'अगं बाई! आणि डावा?'... झालं! नवरा आणि दोन दीर, तिन्ही मतं आपली! मॉर्टिमर आपला मागे टोपी काढून उभा. मी तर तोंडात बोट घालून बघतच राहिलो. आणि या बाईला मत नाही, बरं का! कायद्यानं बायकांना एकसुद्धा मत नाही!

तर त्यांनी जेवणाच्या टेबलावर फर्मान काढलं : 'या घरात त्या माणसाचं आडनाव जो घेईल, त्याला पुडिंग नाही.' माझ्या बायकोचं माहेरचं आडनाव हो! तीन आठवडे! आता तुम्हीच सांगा, एखादं नाव घ्यायचं नाही म्हटलं की दुसरं काही सुचतं का? दाढी करताना पेंडल, घोड्यावर पेंडल, चर्चमध्ये गुडघे टेकावेत तर देवाच्या आधी पेंडल! जिभेवर यायचा, मी गिळायचो. आणि सेलिना? मतदानाच्या सकाळी तिनं स्वतःच्या हातानं माझ्या कोटावर निळी फीत शिवून दिली. टाके इतके नीट घातले होते, की मला तिच्याकडे बघवेना.

आईसाहेबांनी मला दिवसभर राखून ठेवलं. 'तू शेवटचा, लायोनेल. तुझं मत म्हणजे माझ्या हातपिशवीतलं.' चारला मतदान बंद. चारला चार मिनिटं कमी असताना आकडा आला : दोनशे सहा, दोनशे सहा! आईसाहेब गाडीतून फक्त म्हणाल्या, 'जा.'

आमच्याकडे मत गुपचूप द्यायची सोय नाही. चौकातल्या मंचावर चढायचं आणि गावासमोर मोठ्यानं नाव घ्यायचं. कारकून वहीत लिहितो, आणि एकदा लिहिलं की राणी आली तरी खोडत नाही. चढलो. खाली हजार माणसं, आणि एकदम चिडीचूप! चार फळ्यांचा मंच, पण तिथे उभं राहिलं की वाटतं, आपण तोंड उघडलं की देश हलणार. माझ्या तोंडाकडे आजवर कधी कुणी बघितलं होतं?

'कोणाला, साहेब?' कारकून म्हणाला.

उजवीकडे आईसाहेब. डावीकडे राखाडी शालीत सेलिना, स्वतःच्या बुटांकडे बघत. मी मनाला बजावलं, मॉर्टिमर म्हणायचं. फक्त ते दुसरं नाव नको. ते नको, लायोनेल, ते नको, ते... तोंड उघडलं.

'पेंडल!'

आणि आवाज तरी कसा! तीन आठवड्यांचा साठलेला! चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली! कारकुनाची लेखणी वहीवर चरचरली, चारचे ठोके पडले, आणि माझा भाऊ एका मतानं पडला.

पिवळ्यांनी मला निळ्या फितीसकट खांद्यावर घेतलं. सेलिना रडतेय की हसतेय कळेना. 'सगळ्यांसमोर! आईंसमोर! अहो, तुमच्यात एवढं धैर्य होतं?' सांगणार होतो, अगं, जीभ घसरली... पण लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्याकडे असं कधी कुणी बघितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं असतंत? सांगा ना!

जेवायला बसलो. सगळ्यांचे डोळे आपापल्या ताटात. पुडिंग आलं, आणि आमचा म्हातारा नोकर बडल माझ्यापुढून ते तसंच घेऊन चालला.

'बडल, थांब.'

आईसाहेबांनी स्वतःची बशी उचलली आणि माझ्यापुढे सरकवली! 'तुझे वडील गेल्यापासून मला तोंडावर नाही म्हणणारं या घरात कुणी नव्हतं. वीस वर्षं वाट बघितली मी, एक तरी मुलगा ताठ कण्याचा निघेल म्हणून.' शपथ घेऊन सांगतो, डोळे ओले होते त्यांचे! 'पुढच्या निवडणुकीला मॉर्टिमर नाही. तू उभा राहायचंस.'

'पण आईसाहेब, निळ्यांकडून की...'

'रंग कुठला ते मी बघते.'

आणि या बाईला मत नाही, बरं का!

मी म्हटलं, बस्स, आता स्पष्ट सांगायचं. नाही. मनातल्या मनात तीनदा घोकलं, नाही, नाही, नाही. चमचा खाली ठेवला, खाकरलो, तोंड उघडलं...

'बरं, आईसाहेब.'