कार्टमध्ये कुणीतरी बूट टाकले

नाही, नाही दादा, दार लावूनच करा काम — उकडतंय, कळतंय मला, हा घ्या, पंखा तुमच्याकडे फिरवते — पण दार उघडं नको. आतून लावायची कडी आहे ना, मग दार लावूनही बसवता येईल की. आणि ते ड्रिल जरा हळू — पोरगी झोपलीय आत — नाही, असू दे, चालवा, उठली तर उठली, आधी कडी होऊ दे. आणि एक नको, आणल्यात त्या तिन्ही बसवा. एक वर, एक मध्ये, एक खाली. हसताय काय? उंदीर झालेत. आता उंदराला कडी कशाला म्हणाल — बरोबर आहे तुमचं, मला खोटं जमतच नाही, आई म्हणायची हिच्या तोंडावर सगळं पाटीवर लिहिल्यासारखं दिसतं. चोर. चोरांसाठी म्हणते मी. आता इथे चोरायला आहे काय ते विचारू नका — एक गादी, एक कपाट, त्याचंही दार पोरीने खिळखिळं केलंय. भिंगरी म्हणते मी तिला, एका जागी टिकेल तर शपथ. तिचे बाबा बोटीवर असतात. मोठ्या. सामानाच्या. म्हणून घरात आम्ही दोघीच, म्हणून कड्या. काय नाव बोटीचं? अहो असेल काहीतरी, बोटीला नाव नसतं का — तुम्ही स्क्रू बघा.

थांबा. माझा फोन वाजला का? नाही? मला वाटलं वाजला. तो बघा, ओट्यावर, पातेल्याखाली झाकून ठेवलाय, झुरळ झाकतात ना तसा. सकाळपासून हात लावला नाही त्याला. वेडी नाहीये मी, दादा. तुम्ही मागवता का ऑनलाइन? बायको मागवते — हां, मग तिला माहीत असेल ते सगळ्यांनी मिळून घ्यायचं. आमच्या मजल्यावर चौघी आहोत — पार्लरवाली, नर्सताई, त्या कोपऱ्यातली शिवणवाली, आणि मी. एकीने कार्ट काढायचं, लिंक ग्रुपवर टाकायची, मग जिला जे हवं ते तिने त्यात टाकायचं — साबण, डायपर, तेल, काय वाट्टेल ते — आणि शेजारी जिचं तिचं नाव दिसतं, म्हणजे मागून तुझं-माझं नको. जितक्या जणी जास्त तितकं स्वस्त. सगळं एकीच्या घरी येतं, मग जमिनीवर पसरून वाटणी. हसून हसून पोट दुखतं, सांगते. मागच्या खेपेला शिवणवालीचा गाऊन एवढा मोठा आला की आम्ही तिघी एकदम आत शिरलो — आणि ही बया दुसऱ्यांची मापं घेते दिवसभर! या वेळी कार्ट माझ्या नावावर काढलं. पार्लरवालीच म्हणाली, तू घरी असतेस, पार्सल तूच घे. मला एवढा आनंद झाला — सातवीनंतर मला कोणी कशाचं मॉनिटर केलं नव्हतं. आणि इथे येऊन मला कोणी आपलं म्हणेल असं वाटलं नव्हतं.

तर पाच जणी झाल्या की सूट मोठी, आणि आम्ही चार. तिथेच चुकले. त्या म्हणत होत्या, राहू दे गं, चार तर चार. पण मला आपलं काहीतरी करून दाखवायचं. मग एक मैत्रीण आहे माझी, जुन्या घरासमोरची — निघताना मी नंबर टाकून दिला, फोन विकला, कोणाशी बोलले नाही, पण तिचा नंबर तेवढा पाठ होता — तिला लिंक पाठवली. म्हटलं, टाक काहीतरी तुझं, आणि मी कुठे आहे ते कोणाला बोलू नको. ती बोलली नाही. खरंच नाही बोलली. तिने फक्त लिंक पुढे टाकली, गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर, घ्या गं, स्वस्त पडतंय म्हणून. माझंच भलं व्हावं म्हणून केलं, तिला काय बोलणार? त्या ग्रुपवर माझी नणंद आहे.

सकाळी कार्ट उघडलं. सगळ्यांचं सामान जिथल्या तिथे. आणि सगळ्यात खाली एक जोड बूट. लहान मुलीचे, लाल, चालताना चूं चूं वाजतात ना ते. नावाच्या जागी नुसतं ‘पाहुणा’. आधी मी हसले, म्हटलं पार्लरवालीचा चावटपणा. ती म्हणे, मी नाही बाई. नर्सताई म्हणे, माझा मुलगा दाढी करतो आता, त्याला घालू का चूं चूं बूट? तेव्हा मग मी माप बघितलं. दादा, भिंगरीच्या आता टाचेपर्यंतही यायचे नाहीत ते. पण आम्ही निघालो तेव्हा ना, तेव्हा तिला तेच माप यायचं. म्हणजे ज्याने टाकलेत त्याच्या डोक्यात पोरगी अजून तेवढीच आहे. कळलं ना? आणि वाजणारेच हवेत हा हट्ट एकाच माणसाचा. घरात कुठे आहे ते कळतं, म्हणायचा.

मी काढून टाकले. दूध तापतंय तोवर परत आले. परत काढले. परत आले. आणि आता दोन जोड. दुसरा जोड बाईच्या चपलांचा. माझ्या मापाच्या. माझं माप बरोबर आहे, माझा पाय कुठे वाढतोय. नर्सताईने तिथल्या तिथे मला ते कार्टच मोडायला लावलं, पण मोडताना तिने तिच्या फोनवर बघून विचारलं, अगं, हा खाली बारीक अक्षरात तुझा पत्ता कशाला? दादा, मला वाटायचं पत्ता मलाच दिसतो! माझा पत्ता, माझा फोन, दुसऱ्याला कसा दिसेल? सगळ्यांना दिसत होता. एवढंच बरं की मी मजला नाही लिहिला, खोली नाही लिहिली, पार्सलवाला आला की मीच खाली जाते. नुसती इमारत कळून काय होतंय, हो ना? एवढ्या खोल्या, एवढे जिने, कुठे कुठे विचारत फिरेल? सांगा ना, हो म्हणा.

काय? बोटीवर — हो, म्हणाले ना मी मघाशी. बोटीवर आहे तर मग — नाहीये. नाहीये बोटीवर. त्याला पोहायलाही येत नाही. तुम्ही त्याला बघितलं तर म्हणाल किती चांगला माणूस. मऊ बोलणार, दुसऱ्याच्या हातातली पिशवी घेणार. माझ्यावर हात नाही कधी उचलला, खोटं का बोलू. मला चार दिवस आईकडे जायचं होतं, एवढंच विचारलं मी. गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्याने भिंगरीला उचललं आणि कठड्यावर बसवलं, पाय बाहेर सोडून. आणि हात काढून घेतला. हसत होता. म्हण, परत विचारणार नाही. मी म्हटलं. तो म्हणे, ऐकू आलं नाही. मी परत म्हटलं. तो म्हणे, तुला नीट बोलता येत नाही का गं, सातवीपर्यंत काय शिकवलं? आणि पोरगी टाळ्या वाजवतेय, दादा. तिला वाटलं खेळ आहे. दोन्ही हातांनी टाळ्या. मी पुढे पाऊल टाकलं की तो म्हणायचा, अं हं. किती वेळ… जाऊ दे. हे मी नर्सताईलाही नाही सांगितलं. पोलिसांकडे गेले होते, साहेब म्हणाले, बाप आहे तो, खेळवत असेल.

तुम्हाला कशाला सांगितलं कोण जाणे. हातातलं काम करा तुम्ही. आणि खाली गेल्यावर कोणी विचारलं ना — नाही, तुम्ही नाही सांगणार, तुम्ही चांगले दिसता, पण कोणी विचारलं तर तिसऱ्या मजल्यावर कोणी लहान मुलीची आई राहत नाही. एवढंच म्हणा.

काय झालं? असे बघताय काय?

आत्ता येताना? जिन्यापाशी? … तुमची पिशवी धरली त्याने. जड आहे म्हणाला. … आणि विचारलं, एवढ्या कड्या कुणाकडे बसवताय. … आणि तुम्ही सांगितलंत. नाही, नाही, तुमची काय चूक, तुम्हाला काय ठाऊक. खोली पण? … पण वर नाही आला ना? तिथेच बसला होता ना? बरं. बरं. ही वरची लावून बघा, सरकते का — कोयंडा बसायचाय अजून? तिन्हींचा? मग जुनी कडी — काढलीत? अहो, काढलीत कशाला! मग आता दाराला आहे काय? काहीच नाही? ती जुनी द्या, तीच ठोका, वाकडी तर वाकडी — ते ड्रिल बंद करा. बंद करा आधी.

जिन्यात आहे कोणीतरी.

दादा, पाठ लावा दाराला. दोन्ही पाय रोवून. भिंगरी, उठलीस का बाळा? तिथेच थांब. हाक नको मारू मला. बोलू नका, दादा. बोलू न—