मुकी गाठ

माझं माहेर भवानीनगर आन सासर हे इंदापूर, ह्याच्यापल्याड मी काय दुनिया बघितली न्हाय, काय सांगू तुम्हाला, ताई. वडलांचं कारखान्याजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान हुतं, समोर गाडीतळ, सीझन लागला की उसाच्या बैलगाड्यांची ही लांब रांग, आन मी पोरगी तितं जुन्या टायरांच्या ढिगावर बसून बैल बघायची. बैल म्हंजे बैल न्हाईत, त्येंचं गोंडं. शिंगाचं गोंडं, कपाळावरचं गोंडं, लाल, पिवळं, हिरवं, बैलानं मान हलवली की हलायचं. आई म्हणायची, ह्या पोरीला गोंड्याच्याच घरात द्यायला पायजे. आन बघा, म्हणलं तसंच झालं.

सासरचं आमी पटवेगार. म्हंजे दोऱ्याचं काम, बायकांचं मंगळसूत्र गाठवून द्यायचं, पोरांचं करदोडं करायचं, बैलांचं गोंडं करायचं. बाजारात दुकान हुतं, दुकान कसलं, एक ओटा आन वर पत्रा. गावोगावच्या बायका मंगळसूत्र घेऊन सासऱ्यांफुडं बसायच्या, निम्मं गाऱ्हाणं सासवांचं आन निम्मं सुनांचं, आन सासरे माझे खाली मान घालून मणी ओवत ऐकायचे. त्येंनी मला पयल्यांदा शिकवली ती मुकी गाठ. मुकी म्हंजे दिसत न्हाय ती. दोरा आतल्या आत फिरवून वढायचा, टोक आतच जिरवायचं, वरनं बोट फिरवलं तरी गाठ कुठं हाय ते कळायचं न्हाय, आन ती जन्मात सुटायची न्हाय. सासरे म्हणायचे, बोलकी गाठ दुकानाचं नाव घालवती, मुकी गाठ दुकान चालवती. माझी गाठ दिसली की सगळा गोंडा उसवून परत हातात द्यायचे. तवा आमच्या घरात मुकी म्हणलं की चांगलंच, असं डोक्यात बसलेलं. एवढं ध्यानात असू द्या.

आमचं मालक, दस्तगीर त्येंचं नाव, बोलायला लई महाग. माणूस सोन्यासारखा, हात उचलला न्हाय कवा, शिवी न्हाय, पण हातात दोरा आला की कुठंतरी निघूनच जायचा. मी चेष्टा करायची, हातात दोरा, कानात बोळा. शेजारीण यायची, बोलायची, निघून जायची, आन मग हे मान वर करून इचारायचे, कोण आलं हुतं का. मी हसायची. ताई, मी लई हसलीया त्या गोष्टीवर, आता हसू येत न्हाय.

बैलगाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरवाल्या पोरांनी पयलं पयलं गोंडं नेलं, काचंला लावायला, ट्रॉलीला लावायला, मग तयार पलाष्टिकचं आलं आन आमच्याकडं कोण फिरकंना. आमची समिना, माझी पोरगी, ती बारामतीला दिलेली, एमआयडीसीत पॅकिंगला जाती. तिच्या सायबाच्या टेबलावर वरनं एक बाहुली टांगलेली हुती, पंखवाली. तिनं मोबाईलवर फोटू धाडला आन फोन करून म्हणली, अम्मी, ही बघ, ही एंजल म्हंजे आपला गोंडाच हाय की, नुसतं पंख लावल्यात. मी फोटू मोठा करून बघितला आन म्हणलं, व्हय गं बाई, गोंडाच हाय.

मग आमी ती केली. एंजल बिंजल आमच्या तोंडात येत न्हाय, आमी परी म्हणतो. पांढरी लोकर घ्यायची, पुठ्ठ्यावर गुंडाळायची, गोंड्याला गुंडाळतो तशीच पण जरा लांब. वरच्या बाजूनं दोरा घालायचा, टांगायला फासा ठेवायचा, पुठ्ठा काढून खालनं कातरायचं. आत कापसाची गोळी घालायची आन तिच्याखाली मान बांधायची, झालं डोकं. दोन्ही बाजूच्या थोड्या थोड्या लोकरीची येणी घालायची, ते हात. खाली ऱ्हाईला तो घागरा. पंख जुन्या ओढणीच्या जाळीचं, कडंला बारीक तार आन कलाबतू, जरीचा दोरा. आन पायात, माझ्याकडं बैलांची घुंगरं पडून हुती, त्यातलं एक एक बांधलं. सायबाच्या टेबलावरच्या एंजलला घुंगरू नव्हतं. आमच्या परीला हाय.

तोंड मातर काढलं न्हाय. मालक म्हणलं, आपल्यात डोळं काढायचं नसतंय, कोरीच ऱ्हाऊ दे. गिऱ्हाईक इचारायचं, भाभी, हिला नाक न्हाय डोळं न्हाय, मी म्हणायची तोंड न्हाय म्हणून तर गुणाची हाय, घ्या.

पण सगळी परी मानंवर असती, ताई. मान ढिली ऱ्हायली की टांगल्यावर डोकं पुढं पडतंय, रुसल्यासारखी दिसती. मान घट्ट पायजे आन गाठ दिसाय नको. ती मुकी गाठ मालक मारायचे. मी गुंडाळायची, कातरायची, येण्या घालायची, पंख लावायची, मानंला त्येंच्याकडं द्यायची. एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं असं गपकन वढायचं, आन टोक कुठं गेलं ते मला शेजारी बसून बी दिसायचं न्हाय. तयार झाली की वट्यावरच्या खिळ्याला लावून बघायची, वारं आलं की घुंगरू वाजायचं आन हे तेवढ्यापुरतं मान वर करायचे. बारामतीच्या एका दुकानात परी जाऊ लागली, नव्या बंगल्यांत, पाळण्याला, गाडीत. समिना म्हणायची, अम्मी, गोंडा परत आला बघ.

त्याच दिसांतली गोष्ट. बारशाच्या मंडपाला टांगायला लई पऱ्या पायजे हुत्या, घरभर लोकर, जेवणात लोकर. मी अंघुळ करून भाईर आले, हे दारात बसून दोऱ्याला मेण लावत हुते. अंघुळीला माझ्या हाताला काय तरी लागलं हुतं, हितं, काखंच्या फुडं. आता बाईमाणूस, कसं सांगायचं, जागंचं नाव तर घेता येत न्हाय. मी उंबऱ्यात उभी ऱ्हायले आन म्हणलं, आवं, हितं एक गाठ लागतीया हाताला. हे मान वर न करता म्हणलं, मुकी हाय का? मी दाबून बघितली, दुखत न्हवती, खुपत न्हवती. म्हणलं, व्हय, मुकीच हाय. तर म्हणलं, मग चांगलं हाय की, ऱ्हाऊ दे.

एवढंच. मला इतकं बरं वाटलं, ताई, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. मुका मार म्हणतो तशी मुकी गाठ, दुखत न्हाय म्हंजे भ्यायचं न्हाय, मालक शाना माणूस, उगं म्हणणार न्हाय. मी परत लोकर घेऊन बसले. मंडपाच्या पऱ्या गेल्या, बेंदूर झाला, पाऊस संपला, सीझनला ट्रॅक्टर सुरू झाले, आन ती गाठ तितंच. मोठी व्हायला लागली तवा बी मला भ्या वाटलं न्हाय, मुकी हाय, चांगली हाय.

ईदंला समिना आली. मला नवा झंपर घालायला मदत करताना तिचा हात लागला आन तिचं तोंडच बदललं. दुसऱ्या दिवशी बारामतीला दवाखान्यात. डाक्टरीण बाई भली हुती, रागावली न्हाय, नुसतं इचारलं, इतकं दिस का थांबलात. मी आपलं सरळ सांगितलं, मालकांना सांगितलं हुतं, ते म्हणलं मुकी हाय तर ऱ्हाऊ दे.

समिना बापाकडं वळली. अब्बा, तुमी असं म्हणलात? आन हे माझ्याकडं बघायला लागले, असे बघायला लागले की मला वाटलं ह्येंनाच काय तरी हुतंय. मग हळू आवाजात म्हणलं, तू परीच्या मानंचं म्हणत हुतीस न्हवं?

काय सांगू तुम्हाला. तवा कळलं आमाला, दोघांला बी एकदमच कळलं. ते परीचं बोलत हुते आन मी माझं बोलत हुते, आन दोघं बी एकमेकांचं ऐकल्यासारखं करून समाधानानं कामाला लागलो हुतो. दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं नसतं. लोहाराच्या बायकूनं गाठ म्हणलं असतं तर लोहारानं हातोडा टाकला असता. आमच्या घरात दिसभर गाठ, गाठ, गाठ. मी गोळा म्हणलं असतं तर? आवाळू म्हणलं असतं तर? हे इचार मी किती येळा केले ते माझं मला ठावं.

आपरेशन झालं. एक बाजू काढली, औषधं झाली, केस गेलं, ते परत आलं. आल्लाच्या मेहरबानीनं हाय मी, बसलीया तुमच्याफुडं. पण काखंतनं बी काढलं ना, त्यामुळं उजवा हात सुजतो. बघा, बांगडी चढत न्हाय. वढायचा जोर गेला. आन मालकांचे हात धडधाकट, पण त्येंनी दोऱ्याला हात लावायचाच सोडला. वट्यावर मोबाईलची कव्हरं, चार्जर असलं तयार आणून मांडलं. बाई मंगळसूत्र घेऊन आली तर म्हणायचे, आता करत न्हाय. सासऱ्यांचा वटा, ताई, तितं कव्हरं. मी म्हणलं, आवं, माझ्या हाताचं झालं ते झालं, तुमच्या हाताला काय झालंय? हे कव्हरं पुसत बसले. मी भांडले, रडले, जेवण टाकलं. एकदा म्हणलं, तुमचा राग असता तर मी मरस्तोवर राखला असता, माझा राग न्हाय, मग तुमी कुणाची शिक्षा भोगताय? पर एक हाय, तवापासनं मी स्वैपाकघरात नुसती खोकले तरी उठून येत्यात, काय झालं म्हणून. पयलं इतकं ऐकलं असतं तर. जाऊ द्या.

परवा परवा समिनाचा फोन आला. तिच्याबरोबर कामाला हाय त्या पोरीला लेक झाली, तिला पाळण्याला परी पायजे, अम्मीच्याच हातची पायजे. मी म्हणलं, बघते. डाव्या हातानं लोकर गुंडाळली, गुडघ्यात पुठ्ठा धरला. वाकडं तिकडं कातरलं. येण्या दातात धरून घातल्या, हसू नका. पंख जुनंच ऱ्हायलेलं लावलं. आन मानंपाशी अडले. धरायला एक हात पायजे आन वढायला दुसरा, आन दुसरा माझा कामाचा न्हाय. मी ती तशीच, बिनमानंची, चहाच्या कपाशेजारी त्येंच्याफुडं ठेवली आन आत निघून गेले. काय बोलले न्हाय. आमच्या घरात बोलून काय झालं ते बघितलंय.

दारामागनं बघत हुते मी. चहावर साय धरली. लई येळानं त्येंनी परी उचलली, कापसाची गोळी नीट केली. मग दोऱ्याच्या डब्यात हात घातला, आन पांढरा दोरा न्हाय, लाल घेतला. मानंला दोन येढं दिलं, वढलं, आन गाठ मारली ती अशी समोर, गळ्यावर, ठसठशीत, दोन्ही टोकं भाईर. मला ऱ्हावलं न्हाय, मी भाईर येऊन म्हणलं, आवं, हे काय, मुकी मारा की, लोक काय म्हणतील, तुमचे अब्बाजी असते तर उसवून हातात दिली असती.

ते म्हणलं, उसवू दे. हिची गाठ दिसू दे. दिसली म्हंजे कुणी इचारंल तरी.

ताई, इतक्या वर्सात हा माणूस माझ्यासंगं एवढं बोलला नव्हता. मी खाली बसले आन दोघं बी रडलो, कव्हरं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तसंच माघारी गेलं.

आता ते परत करत्यात, थोडं थोडं. मंगळसूत्राला अजून हात लावत न्हाईत, नुसती परी. दुकानदार म्हणला, दस्तगीरभाई, पयली सफाई ऱ्हायली न्हाय तुमची, ती लाल टोकं तरी कातरा. हे म्हणलं, कातरायची न्हाईत, न्यायचं तर न्या. काही जण नेत्यात, काही ठेवून जात्यात. माझा हात काय आता पयल्यासारखा व्हायचा न्हाय, तपासणीला जावं लागतंय, आन जितकं दिस दिलेत तितकं हायेत. हे संगं येत्यात, मोबाईल बी काढत न्हाईत, माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात.

ही घ्या, तुमच्यासाठी ठेवली हुती. न्हाय म्हणायचं न्हाय, बाईनं दारातनं रिकामं जाऊ नये. खिडकीत लावा, वाऱ्यानं घुंगरू वाजलं पायजे. सुखात ऱ्हावा, तुमचं हातपाय चालतं ऱ्हावूत. आन घरात कुणी गाठ म्हणलं तर हातातलं खाली ठिवून एकदा इचारा, कुठली म्हणून.