रघुजींचं कार्ड कुठल्या खणात?

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय भैयासाहेब, व्यासपीठावर बसलेल्या पेटंट एजंट मेधाताई, आजचे सत्कारमूर्ती मोरोपंत, पहिल्या रांगेत डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलेल्या सुभद्राकाकू, आणि धार-देवासच्या माझ्या सगळ्या मराठी मंडळींनो, तुम्हाला माझा मनापासून नमस्कार.

मी विद्युल्लता. देवासला आमचा थ्रेशर बनवायचा कारखाना आहे. मेधाताईंनी मला बजावून सांगितलंय, "चार गोड शब्द बोला आणि खाली बसा." आता गोड बोलणं माझ्या जिभेला कधी जमलंय? समोर बसलेले निम्मे लोक हसतायत, म्हणजे त्यांना अनुभव आहे. ज्या माणसाचे पुढचे दोन दात मी पाडले, त्याच्याच निरोपाला मला बोलायला उभं करायचं कुणाच्या डोक्यात आलं, विचारा. मोरोपंतांच्याच! त्यांनी स्वतः फोन केला होता.

मोरोपंतांनी मेधाताईंच्या ऑफिसात पस्तीस वर्षं काढली, आधी त्यांच्या वडिलांच्या हाताखाली आणि मग त्यांच्या. काम काय? तर पेटंटं नंबराप्रमाणे लावून ठेवणं. जगातल्या प्रत्येक शोधाला एक नंबर असतो. पूर्वी आपल्या देशाची वेगळी वर्गवारी होती, मग आंतरराष्ट्रीय आली. तिच्यात ए-शून्य-एक-एफ म्हणजे मळणीची यंत्रं. एफ-सोळा-डी म्हणजे क्लच आणि ब्रेक. हे मला कसं पाठ? अहो भिया, असे नंबर माणूस रक्त सांडल्याशिवाय पाठ करत नाही.

ऑफिसात एक लाकडी कपाट आहे. माळव्यातल्या माणसाने काढलेला प्रत्येक शोध तिथे कार्डावर, नंबराच्या खणात. कॉम्प्युटर आले तरी आमच्यासारखे कारखानदार तिथेच जायचे. "पंत, हे आधी कुणी केलंय का?" असं विचारलं की पंत खण ओढायचे आणि दोन मिनिटांत सांगायचे.

दोन हजार आठ साली माझे बाबा असेच पंतांकडे गेले. त्यांनी विचारलं, "माणूस ओढला गेला तर थ्रेशर जागच्या जागी थांबेल, अशी काही युक्ती कुणी काढलीय का?" मोरोपंतांनी मळणीचा खण पहिल्या कार्डापासून शेवटच्या कार्डापर्यंत बघितला. म्हणाले, "नाही हो, असं काही नाही." बाबा परत आले आणि आम्ही थ्रेशर होती तशीच बनवत राहिलो.

तीन वर्षांनी, सोयाबीनच्या हंगामात, बागलीजवळच्या एका खळ्यावर आमचंच थ्रेशर बिघडलं म्हणून माझा धाकटा भाऊ अंशुल गेला. दुरुस्त केलं आणि बघायला म्हणून स्वतः पेंढी आत टाकली. शर्टाची बाही धरली ड्रमने. ट्रॅक्टरवाल्याने पट्टा उतरवेपर्यंत उजवा हात खांद्यापासून गेला. मी तिथे होते. दुसऱ्या बाजूने भुसा लाल होऊन बाहेर येत होता, आणि त्यात त्याचं घड्याळ पडलं. माफ करा, सत्काराच्या जेवणाआधी असं बोलू नये, पण मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

बाबांनी त्या थ्रेशरवर घण घातला. दिवसभर घालत होते. त्यानंतर कारखान्यात थ्रेशर बनलं नाही, आम्ही फाटकं आणि जाळ्या बनवल्या. चार वर्षांत बाबाही गेले.

दोन वर्षांपूर्वी अंशुलने डाव्या हाताने एक चित्र काढलं. पेंढी टाकायच्या तोंडापुढे छातीच्या उंचीवर एक दांडी. माणूस आत ओढला गेला की त्याच्याच अंगाने दांडी दाबली जाते, पट्टा सुटतो, ड्रमला ब्रेक लागतो. "ताई, पुन्हा थ्रेशर बनवू या," तो म्हणाला. आम्ही बारा बनवली.

तेराव्याच्या वेळी नोटीस आली. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने तशाच दांडीच्या पेटंटसाठी आमच्याआधी अर्ज केला होता. पेटंट मिळालेलं नव्हतं, नुसता अर्ज, तरी दादागिरी सुरू. आणि त्यांची दांडी कुठे बसणार? त्यांच्याच महागड्या मशिनवर. खेड्यातल्या मजुराने मरायचं का मग? मी नोटीस फाडली. चौथ्या दिवशी भर दुपारी सहा माणसं सळ्या घेऊन कारखान्यात शिरली. "मॅडम, शटर गिरा दो, नहीं तो दूसरा हाथ भी जाएगा," असं अंशुलकडे बघून म्हणाली. कुणी पाठवलं ते सिद्ध झालं नाही, म्हणून मी नाव घेत नाही. त्यांनी आमचे साचे फोडले, अंशुलच्या डोक्यात सळी घातली, आठ टाके. मी एकाच्या गुडघ्यावर घण घातला. तो गुडघा आजही वाकत नसावा, अशी माझी देवीजवळ प्रार्थना आहे. हसू नका, देवासला देवीच्या टेकडीवर जाऊन खरंच मागते.

मग मी धारला आले, मोरोपंतांकडे. म्हटलं, कुणीतरी ही दांडी या कंपनीच्या आधी काढलेली असेल तर शोधा. जुना शोध सापडला तर यांना पेटंट मिळत नाही आणि दांडी सगळ्यांची होते. नाही सापडला तर आम्ही मेलो. पंतांनी आठ दिवस मागितले.

नवव्या दिवशी मी गेले तर टेबलावर एकच कार्ड. इथल्या, धारजवळच्या तिरल्याचे रघुजी, लोहारकाम करणारे. साल दोन हजार चार. थ्रेशर थांबवणारी दांडी. चित्र बघितलं आणि मला रडूच आलं, अगदी आमची दांडी! रघुजींच्या बायकोची वेणी थ्रेशरच्या पट्ट्यात गेली होती. डोक्याची कातडी कपाळापासून निघाली. त्या सुभद्राकाकू इथे बसल्या आहेत. बायको दवाखान्यात असताना रघुजींनी ही दांडी बनवली आणि पेटंटसाठी अर्जही केला. त्यांच्या गावाबाहेर कुणाला ती कळली नाही, आणि अर्जाचं काही होण्याआधीच ते वारले.

मी हात जोडून म्हटलं, "पंत, वाचवलंत!" पंत म्हणाले, "थांबा. तुमचे वडील माझ्याकडे दोन हजार आठमध्ये आले होते. हे कार्ड तेव्हा कपाटातच होतं."

कुठे होतं? ब्रेकच्या खणात! दांडी काम करते ब्रेकचं, म्हणून एफ-सोळा-डी. वापरायची थ्रेशरवर, म्हणून ए-शून्य-एक-एफ. आंतरराष्ट्रीय पद्धतीत एका शोधाला असे दोन, तीन, चार नंबर देतात. रघुजींच्या अर्जावर दोन्ही नंबर होते. पण मोरोपंत पडले जुन्या संस्थानी दप्तरदारांच्या घरातले. त्यांच्या आजोबांची शिस्त, एक कागद एकाच रुमालात, म्हणजे दप्तराच्या कापडात, बांधायचा, दोन ठिकाणी ठेवणारा कारकून आळशी. म्हणून पंतांनी पहिला नंबर घेतला, एकच कार्ड लिहिलं, आणि त्या शिस्तीचा त्यांना पस्तीस वर्षं अभिमान होता.

मंडळी, सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी मळणीचा खण ओढून बाहेर काढला, सागवानी, भरलेला, आणि दोन्ही हातांनी त्यांच्या तोंडावर हाणला. मेधाताई किंचाळल्या. कार्डं खोलीभर उडाली. पंत खुर्चीसकट पडले, तोंडातून रक्त, दात फरशीवर. मी पुन्हा खण उचलला होता. खोटं कशाला बोलू, मला त्यांना जिवे मारायचं होतं. आणि हा माणूस खालून म्हणतो, "पेटंट मंजूर व्हायच्या आधी हरकत घेता येते. आधी अर्ज लिहू. मला नंतर मारा." एवढं बोलून रक्ताच्या हातांनी कार्डं क्रमाने गोळा करायला लागला.

मी खण खाली ठेवला. मेधाताई पोलिसांना फोन लावत होत्या, तो पंतांनीच काढून घेतला.

हे त्यांना लपवता आलं असतं की नाही? "सापडलं नाही" म्हणाले असते, तर त्यांची चूक कुणाला कधी कळली असती? दात शाबूत राहिले असते. आज इथे मी सोडून सगळ्यांनी गोड भाषणं केली असती.

हरकतीचा अर्ज त्यांनी सुजलेल्या तोंडाने लिहिला. सुभद्राकाकू साक्षीला आल्या, आयुष्यात पहिल्यांदा परक्या लोकांसमोर डोक्यावरचा पदर काढला. गेल्या महिन्यात निकाल लागला. कंपनीचा अर्ज नामंजूर. दांडी आता कुणाची नाही, म्हणजे सगळ्यांची आहे. या हंगामात देवासच्या नऊ कारखान्यांच्या थ्रेशरवर ती बसली आहे. मागच्या आठवड्यात एका खळ्यावर एक बाई ओढली गेली. दांडी दाबली गेली, ड्रम थांबला. दोन बोटं मोडली, हात आहे.

मोरोपंत, मी तुमचा हात धरून माफी मागते. मी मारायला नको होतं. तुमची चूक मात्र मी माफ करू शकत नाही, कारण हात माझा गेलेला नाही. ज्याचा गेला त्याला मी काल विचारलं. त्याने फक्त रघुजींचं दुसरं कार्ड लिहून आणलंय, डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात, मळणीच्या खणात लावायला. आणि म्हणाला, "ताई, शाल मी घालणार."

अध्यक्षांचे आभार, मेधाताईंचे आभार, सुभद्राकाकूंच्या तर पाया पडते. जे जास्त बोलले ते माझ्या स्वभावाच्या खाती टाका, जे कमी पडलं ते मनाने भरून घ्या.

अंशुल, ये वर. आणि पंत, जरा उठून पुढे या. त्याला एका हाताने शाल घालता येत नाही, दुसरं टोक तुम्हाला धरावं लागेल.