आईच्या सणानंतर लेकाचा सण

"मुक्ते, परमुलखात मराठी कानावर पडली की पाय आपसूक थांबतात गं," आई म्हणायची. ती गेल्यापासून काशीत मुक्ताशी मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. गंगा चढल्यामुळे नावा बंद होत्या. रामनगरच्या बसच्या रांगेत पुढे वसईकडचं एक म्हातारं जोडपं बोलत होतं, आणि मुक्ता मुकाट ऐकत होती.

"आज संत मोनिकाचा सण, माझ्या नावाचा. उद्या तिच्या लेकाचा, संत आगुस्तीनचा."

"म्हणून तर पोराचं नाव आगुस्तीन ठेवलंस."

"तिनं सतरा वर्षं रडून लेक परत मिळवला. मला आत्ता कुठे पाच झालीत."

"देवळात मेणबत्ती लावलीस ना? झालं तर."

"दोन लावल्या. एक त्याच्यासाठी, एक तुमचा राग निवावा म्हणून."

"बस आली बघ. चल."

"जाऊ दे ती. फोन तुमच्याच खिशात असतो. आईच्या सणाला तरी लेकानं एकदा करावा की नाही?"

"चल म्हणतो ना."

"अहो, बोला की!"

"दरवर्षी करतो गं, मोना. मीच सांगतो, आई घरी नाही."