वड्याच्या कागदावरचं नाव

प्रोग्रामच्या टेस्टिंगला खऱ्या माणसांची नावं घालू नका, असं मी ओरडतो ना, ते पुस्तकातून नाही शिकलो.

नव्वदच्या सुमारास पनवेलला होतो. नव्या शहरासाठी जमिनी गेलेल्या गावकऱ्यांना भूखंड मिळणार होते, त्या सोडतीचा प्रोग्राम माझा. सगळे अर्ज एकदम घातले की मशीन मान टाकतंय का, हे बघायला आम्ही खऱ्याच नावांची सोडत दहादा काढली. दर वेळी वेगळी यादी छापली. ते कागद गेले रद्दीत आणि तिथून ऑफिसखालच्या वडेवाल्याकडे.

खरी यादी लागली त्या दिवशी बेलपाड्याचे एक काका तेलकट कागद घेऊन माझ्यासमोर उभे.

"साहेब, फळ्यावर माजा नाव नाय. पन यात हाय. आमी गावात पेढं वाटलं."

"काका, ती चाचणी होती."

"मंजे?"

"एवढ्या अर्जांचा भार मशीनला सोसतो का, ते बघत होतो."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"मंग, सोसला?"

"सोसला."

"मंग तुमचा काम झाला," म्हणाले, आणि घडी खिशात ठेवून निघून गेले.